सुई उचला, सायबिल राहिली

आमच्या डर्रीनात पेट्रोलचा पंप एकच, आणि तो डिलिया मल्केरिनच्या मर्जीवर चालतो. पंपावर 'चालू' किंवा 'बंद' अशी पाटी नाही. डिलियाच्या डोक्यावर टोपी असेल तर पंप चालू. टोपी खिडकीच्या काचेआड ठेवलेली दिसली तर बंद. मग गाडीत तुम्ही असा नाहीतर पोप. टोपी बोस्टनहून आणलेली, हिरवी, एका बाजूला पीस. ते पीस मुळात कुठल्या पक्ष्याचं होतं हे आता सांगता येत नाही, कारण त्याच्या दुरुस्त्या तिने आपल्याच कोंबड्यांकडून करून घेतल्या आहेत.

पोपचं मी उगीच म्हटलं नाही. एकदा खरोखरच बिशपसाहेबांची काळी गाडी पंपापाशी थांबली. टोपी खिडकीत होती. ड्रायव्हर शहरातला, त्याला काय ठाऊक? त्याने हॉर्न वाजवला. डिलिया हातात चहाचा कप घेऊन दारात आली.

"हॉर्न कोण वाजवतंय?"

"आत बिशपसाहेब आहेत, बाई."

"असू देत. देवाला जग करायला सहा दिवस लागले, ते बिशपसाहेबांना चालले. मला एक कप चहा पिऊ दे म्हणावं."

बिशप म्हणजे तसा भला माणूस. तो स्वतः उतरून आत गेला, चहा प्यायला, सोडा घातलेल्या पावाचे दोन जाड तुकडे लोणी लावून खाल्ले, घराला आशीर्वाद दिला आणि गप्पांच्या नादात पेट्रोल न घेताच निघून गेला. चर्चच्या चढावर गाडी बसली. डिलिया कॅन घेऊन चालत गेली आणि काचेतून आत वाकून म्हणाली, "पाव खाताना नाही आठवलं?"

मी पावाची व्हॅन चालवतो, त्यामुळे माझं आणि तिचं रोजचं. मी तिला पाव देतो, ती मला पेट्रोल देते, आणि दोघं एकमेकांच्या मालाला नावं ठेवतो. ती उंच, हाडापेराने मजबूत, अंगात कुणा मेलेल्या काकाचा ओव्हरकोट, कमरेला पट्ट्याऐवजी गवताची गाठोडी बांधायची सुतळी. वय सत्तरीच्या पुढचं. पण विचारायची सोय नाही; विचारलंत तर ती तुमच्या आजीचं वय सांगेल, चारचौघांत.

तरुणपणी ती बोस्टनला एका मोठ्या घरात कामाला होती. काम करताना गायची. एक दिवस मालकीणबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "डिलिया, पाहुणे आलेत. जरा मनातल्या मनात गा." डिलियाच्या हातात तेव्हा अर्धा सोललेला बटाटा होता. तो तिने टेबलावर ठेवला, "उरलेला तुम्ही सोला, मनातल्या मनात," म्हणाली, टोपी घातली आणि थेट बोट गाठली. "लग्न का नाही केलंस गं?" असं पबवाल्या फेस्टीच्या बायकोने तिला एकदा विचारलं होतं. तर म्हणाली, "केलं असतं की. पण शेवटच्या कडव्यापर्यंत जागा राहील असा एकही पुरुष नाही भेटला."

तर ते कडव्यांचं.

डर्रीनाचं म्हणून एक गाणं आहे. खूप जुनं, जमीनदारांच्या काळातलं. जमीनदाराचा कारभारी शिपाई घेऊन घरं रिकामी करायला आला, त्या दिवशी पुरुष सगळे समुद्रावर गेलेले. गावात नुसत्या बायका. त्या बायकांनी कारभाऱ्याची काय गत केली त्याचं ते गाणं. गावात तेव्हा नऊ घरं होती, म्हणून गाण्याला नऊ कडवी. दर घराला एक. एकीने ओटच्या उकळत्या लापशीचं पातेलं ओतलं, एकीने मधमाश्यांची टोपली उलटी केली, एकीने गळ्यात माळ घालून पाळलेला हंस... छे, हंस कुठला, राजहंसाच्या थाटातलं बदकच ते, शिपायांच्या पोटऱ्यांवर सोडलं. नऊ घरांची आता चाळीस झाली आहेत, पण प्रत्येक जण कुठल्या कडव्यातला ते अजून ठरलेलं आहे. लग्नं जुळवताना कडवं बघतात. मी लापशीतला.

यातलं सगळ्यांत जोरदार कडवं आहे सायबिल फोलनचं, आणि ते सगळ्यांत शेवटी येतं.

घोड्यावरनं ओढून त्याला गवतावरती निजवला,
सायबिल बसली त्याच्यावरती, मोजा विणून संपवला.

आणि डिलियाच्या घराच्या वाट्याला काय आलं?

मल्केरिनच्या ब्रिजिटहाती धोंडा नव्हता, ना काठी,
शिव्या दिल्या तिने सांज होईतो, शिपाई पळाल्यापाठी.

म्हणजे बाकीच्यांनी पराक्रम केला आणि डिलियाच्या पणजीने नुसत्या शिव्या दिल्या. त्याही समोर कुणी उरलं नसताना. हे कडवं आलं की सगळे डिलियाकडे बघून हसतात. एका लग्नात पाद्रीबाबांनी सुचवलं होतं की हे शिव्यांचं कडवं तेवढं वगळावं, मंगल प्रसंग आहे. डिलिया म्हणाली, "फादर, तुमच्या चर्चवर छप्पर नव्हतं तेव्हापासून या शिव्या चालू आहेत. त्यांना मान द्या."

आता गंमत अशी की सायबिलचा पणतू कोल्मन फोलन हा डिलियाचा शेजारी, आणि दोघांचं बोलणं बंद.

कारण गाढव. कोल्मनच्या गाढवाचं नाव सेनेटर. एका पहाटे सेनेटरने मधला दगडी बांध ढकलला, डिलियाच्या परसात शिरला आणि कोबीची अख्खी रांग खाल्ली. डिलिया कंबर कसून पलीकडे गेली. कोल्मन दारात पाइप ओढत बसला होता.

"तुझ्या गाढवाने माझा कोबी खाल्ला."

"तरीच," कोल्मन म्हणाला. "सकाळपासून पोट धरून बसलंय बिचारं."

बस्स. कोबी गेल्याचं दुःख ती गिळून टाकती; पण कोबीला नाव ठेवलेलं नाही. त्या दिवसापासून एक अक्षर नाही. याला इतकी वर्षं झाली की सेनेटर मेला आणि त्याच्या जागी आलेलं गाढवही आता म्हातारं झालं. कोल्मन ट्रॅक्टर घेऊन आला की टोपी खिडकीत जाते. मग त्याचं पेट्रोल मी माझ्या नावाने कॅनमध्ये नेतो. डिलिया कॅन गळ्यापर्यंत भरते, बांधापलीकडे बघत नाही आणि म्हणते, "हल्ली तुझी व्हॅन फार प्यायला लागलीये."

पण गाण्याची गोष्ट वेगळी. आमच्याकडे गाणारा एकटा गात नाही. तो डोळे मिटतो, तोंड भिंतीकडे फिरवतो आणि शेजारी बसलेलं कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन सावकाश फिरवत राहतं, विहिरीचा रहाट फिरवावा तसा. गाणं खोल असतं, ते वर ओढायला हात लागतो. आणि बाकीचे मधून मधून दाद देतात: "जिती राहा!", "देव आहे गं पाठीशी!", "घे, घे, चढ!" आपल्या घराचं कडवं आलं की मग तर ओरडायचंच. न ओरडणं म्हणजे पूर्वजांना ओळख न दाखवणं.

डिलियाचा हात कोल्मन फिरवतो. भांडणाआधीही आणि भांडणानंतरही. फेस्टीच्या पबात डिलियाने डोळे मिटून हात बाजूला धरला की कोपऱ्यातून कोल्मन आपलं स्टूल सरकवत येतो आणि हात घेतो. कुणी कुणाला बोलावत नाही. मध्यंतरी त्याला ताप होता म्हणून फेस्टीने तिचा हात धरून बघितला. दुसऱ्याच कडव्यात डिलियाने डोळे उघडले. "फेस्टी, मी गाणं म्हणतेय. तू बिअरचा नळ सोडल्यासारखा काय फिरवतोस?" गाणं संपलं की मात्र दोघं हात असे झटकतात, जणू चुकून दुसऱ्याच्या ताटातला बटाटा उचलला होता.

तर अशा या आमच्या गावात डब्लिनहून टिस्डॉल आला.

कुठल्याशा रेकॉर्ड कंपनीचा माणूस. बारीक, लांब मानेचा, कॉरड्युरॉयची पँट, आणि स्वभावाने इतका सभ्य की मांजराला ओलांडताना 'माफ करा' म्हणायचा. कंपनीला आमच्या भागातल्या जुन्या गाण्यांची तबकडी काढायची होती, आणि तीही बंद खोलीत नाही. पबात, लोकांसमोर, लोकांसकट. "जिवंत हवं," टिस्डॉल म्हणाला. ते ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. आम्ही जिवंतच होतो.

रविवारची दुपार ठरली. रविवारी दुपारी पब कायद्याने बंद असतो, त्यामुळे रस्त्यावर आवाज नाही. आत कुणी पीत नाही ना हे बघायला सार्जंट हॅनाफिन जातीने हजर होता, आणि नीट दिसावं म्हणून ग्लास घेऊन सगळ्यांत पुढे बसला होता. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. घड्याळ थांबवलं. कुत्रा माझ्या व्हॅनमध्ये कोंडला, तिथे त्याने सोमवारचे पाव खाल्ले ते वेगळं.

मग टिस्डॉलने अटी सांगायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की त्याला लोकांसकट हवं होतं, फक्त लोकांनी आवाज करायचा नव्हता.

"गाणं चालू असताना कृपा करून अगदी शांत राहा. संपलं की टाळ्या जरूर वाजवा."

"म्हणजे मेल्यावर फुलं वाहायची," फेस्टीची बायको म्हणाली.

"दाद नाही द्यायची?" सार्जंटने विचारलं.

"मायक्रोफोनला ती ओरडण्यासारखी ऐकू येते हो."

"आम्हालाही तशीच ऐकू येते," फेस्टी म्हणाला. "म्हणून तर देतो."

टिस्डॉलने रुमालाने मान पुसली. तो डिलियाकडे वळला. ती भिंतीलगतच्या खुर्चीत टोपी घालून बसली होती. "मिस मल्केरिन, तुमचं गाणं या तबकडीचा मुकुटमणी आहे. पण तबकडीच्या एका बाजूवर जागा थोडी असते. नऊ कडवी बसणार नाहीत. आठ केलीत तर... आणि ते शेजारचे गृहस्थ, जे हात धरतात, त्यांच्या स्टुलाचा आवाज येतो, श्वासाचा येतो. ते जरा मागे बसले तर?"

एक कडवं गाळायचं! सगळ्या पबात घरं आपापल्या कडव्याला घट्ट धरून बसली. मधमाश्यांवाले लापशीवाल्यांकडे बघायला लागले. मीही उगीच घसा साफ केला. शेवटी फेस्टीने सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून टाकलं.

"डिलिया, शेवटचं गाळ. सायबिलचं. तुला काय त्याचं? तू तर त्याच्या ट्रॅक्टरला पेट्रोलसुद्धा देत नाहीस."

कोल्मन कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याच्या घरात तो शेवटचाच. मूल नाही, बायको गेली. त्या कडव्यापलीकडे फोलनांचं म्हणून जगात राहील असं काही नव्हतंच, एक गाढव सोडलं तर.

डिलिया उठून उभी राहिली.

"मुला, नाव काय तुझं?"

"टिस्डॉल. कॉनर टिस्डॉल."

"तर टिस्डॉल बाळा, ऐक. माझा भाचा बर्मिंगहॅमला खड्डे खणतो. फेस्टीच्या दोन्ही पोरी बोस्टनला आहेत. या गावातली निम्मी पोरं समुद्रापलीकडे आहेत, आणि त्यांना त्यांच्या घराचं कडवं येत नाही. हे अख्खं गाणं येणारी आता मी एकटी उरले. मी गेले की गेलं. म्हणून, आणि फक्त म्हणून, मी तुझ्या या वायरीसमोर बसायला हो म्हटलं. नऊ बायका उभ्या राहिल्या होत्या त्या दिवशी. कारभाऱ्याला त्यातली एकही बाहेर ढकलता आली नाही. आणि आता तू जागा कमी आहे म्हणून ढकलणार?"

"पण मिस मल्केरिन..."

"एक कडवं बाहेर, तर मी बाहेर. आणि तो," तिने कोल्मनकडे न बघता अंगठा केला, "तो मागे बसला, तर मीही मागे बसेन. माझ्या घरी, दार लावून."

"त्याच्याशी तुझं बोलणं नाही ना?" सार्जंटने सरकारी कामासारखं विचारलं.

"बोलणं कोण म्हणतंय? मी गाण्याबद्दल बोलतेय."

टिस्डॉलने यंत्राचं झाकण बंद केलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "ठीक आहे. नऊच्या नऊ. माझा शब्द." आणि त्याने हात पुढे केला. तो शब्द त्याने मनापासून दिला होता, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आताही मानतो.

मग डिलियाने डोळे मिटले आणि हात बाजूला धरला. कोल्मनचं स्टूल कुरकुरत आलं.

ती त्या दिवशी जशी गायली तशी मी तिला आधी ऐकली नव्हती. भिंतीकडे तोंड, टोपीतलं पीस जरासं थरथरतंय, आणि आवाज पाण्याच्या पंपाचं जुनं हँडल ओढताना निघतो तसा सुरुवातीला करकरला आणि मग जमिनीखालून काहीतरी थंड, स्वच्छ वर यायला लागलं. आम्ही ओरडायचं नाही म्हणून ठरवलं होतं. लापशीचं कडवं येईपर्यंत मी खरंच गप्प होतो. शिव्यांच्या कडव्याला ती स्वतःच किंचित हसली. प्रत्येक घराने आपापल्या वेळी थोडंथोडं तोंड उघडलं, हळूच, शेजाऱ्याचं मूल झोपलेलं असावं तसं.

आणि मग सायबिल आली. कोल्मनला मी उभ्या जन्मात मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. 'घोड्यावरनं ओढून त्याला' एवढं झालं मात्र, आणि कोल्मनने बूट जमिनीवर आपटून अशी आरोळी ठोकली की सार्जंटच्या ग्लासातली बिअर सांडली. "बस, सायबिल, बस! उठू नकोस त्याच्यावरनं!" घोंगडी खिडकीवरून खाली पडली. टिस्डॉलने कानावरचे ते डबे ओढून काढले. पण डिलिया थांबली नाही. त्या आरोळीवर पाय देऊन ती आणखी एक पायरी वर चढली आणि तिथून तिने गाणं संपवलं.

हात झटकले गेले. कोल्मन कोपऱ्यात परत गेला. टिस्डॉल नाक शिंकरत होता, आणि त्याला सर्दी नव्हती.

तबकडी आली ती थंडीत. टिस्डॉल स्वतः खोकं घेऊन आला. अख्खं गाव फेस्टीच्या पबात जमलं. पाकिटावर पबाचा फोटो होता आणि कोपऱ्यात माझ्या व्हॅनचं अर्धं चाक, त्यामुळे माझं दिवसभर बोलणंच बदललं होतं. टिस्डॉलला मात्र फेस्टीने काळी बिअर दिली ती त्याने तोंडाला लावली नाही. तिच्यावरचा फेस बसला तरी नुसता ग्लास फिरवत होता. ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

डिलियाचं गाणं दुसऱ्या बाजूला शेवटी होतं. फेस्टीने सुई टेकवली. लापशी झाली. मधमाश्या झाल्या, बदक झालं. शिव्यांचं कडवं आल्यावर सगळे डिलियाकडे बघून हसले. आठवं कडवं संपलं. कोल्मन स्टुलावर जरा पुढे सरकला.

आणि गाण्याची ती शेवटची बोलायची ओळ आली. आमच्याकडे गाणं संपलं की गाणारा वर आणखी दोन शब्द न गाता नुसते बोलून टाकतो, आता मी पुन्हा तुमच्यातली एक, असं सांगायला. ते दोन शब्द. मग टाळ्या.

सायबिल नव्हती.

तबकडी नुसतीच फिरत होती. टिस्डॉल उभा राहिला. त्याचा चेहरा पावाच्या पिठासारखा झाला होता.

"मी भांडलो," तो म्हणाला. "ऑफिसात म्हणाले, त्या कडव्यात नुसता एक म्हातारा ओरडतोय. गाणं ऐकूच येत नाही. मी सांगितलं त्यांना. शप्पथ सांगितलं. त्यांनी मला न विचारता..."

"आणि तू हे खोकं घेऊन आलास?" फेस्टी बाह्या सारत बाहेर आला.

"कुणीतरी तोंड दाखवायला हवं होतं."

कोल्मनने टोपी डोक्यावर ठेवली. "राहू दे, फेस्टी," तो म्हणाला. "आवाज माझाच होता. कारभाऱ्याला नाही जमलं ते मी केलं. सायबिलला मीच उठवली." आणि तो दाराकडे निघाला.

"बस खाली, कोल्मन."

रेकॉर्ड अजून खरखरत होती. सेनेटर मेल्यापासून, नव्हे, सेनेटर जिवंत असल्यापासून, हे त्याच्याशी तिचे पहिले शब्द. कोल्मन जिथे होता तिथेच बसला. तिथे खुर्ची होती हे त्याचं नशीब.

"फेस्टी, सुई मागे घे. आठव्याच्या शेवटाला ठेव."

फेस्टीने ठेवली. आठवं कडवं पुन्हा संपत आलं. डिलिया उठली, टोपी नीट केली, आणि स्वतःच्या हाताने सुई उचलली. पेट्रोलचं नळकांडं उचलायची सवय असलेला हात तो. तबकडीवर कर्रकन चरा उमटला. तिने डोळे मिटले, हात बाजूला धरला. कोल्मनने तो घेतला.

रेकॉर्डमधल्या डिलियाने जिथे सोडलं होतं तिथून या डिलियाने सायबिलला घोड्यापाशी आणली, कारभाऱ्याला खाली ओढला, मोजा विणून संपवला. आणि या वेळी एकटा कोल्मन ओरडला नाही. अख्खा पब ओरडला. लापशीवाले ओरडले, मधमाश्यांवाले ओरडले, सार्जंट हॅनाफिन, ज्याचं या गाण्यात कुठलंच घर नाही, तो टेबलावर उभा राहून ओरडला. टिस्डॉलही ओरडला, त्याचा आवाज फाटका आणि चुकीच्या जागी आला, पण आला. मग तिने सुई पुन्हा टेकवली. तबकडीतल्या बाईने आपले दोन शब्द बोलून टाकले आणि टाळ्या वाजल्या, त्या कशासाठी वाजतायत हे आता कुठे जुळलं.

"आता हे ऐक, बाळा," ती टिस्डॉलला म्हणाली. "तू तोंड दाखवायला आलास, म्हणून तुला दाराबाहेर काढत नाही. पण तुझ्या ऑफिसला सांग, जागा कमी होती ना? आमच्याकडे भरपूर आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला वाटलं, झालं, मिटलं. कोल्मनलाही वाटलं असावं. सकाळी तो दाढी करून, ट्रॅक्टर घेऊन पंपावर आला. डिलिया दारात उभी होती, डोक्यावर टोपी. तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं. टोपी काढली. खिडकीत ठेवली.

"काल तर बोललीस!" कोल्मन म्हणाला.

ती बांधाकडे तोंड करून माझ्या व्हॅनला म्हणाली, "गाण्याबद्दल बोलले."

पण त्या दिवसापासून पंपाला एक नवा नियम लागला. पेट्रोल हवं असेल तर सायबिलचं कडवं म्हणा. येत नसेल तर ती शिकवते, टाकीचं झाकण उघडं ठेवून. शिकून झाल्याशिवाय नळकांडं हलत नाही. सुट्टीवर आलेली पोरं परत निघताना तबकडी मागायची, तर आधी कडवं, मग तबकडी. डिलियाचा भाचा बर्मिंगहॅमहून आला तो बिचारा चालीत कच्चा. त्याने दोन संध्याकाळी पंपाशेजारी उभं राहून पाठ केलं आणि मगच त्याला निरोप मिळाला. बिशपसाहेबांची गाडीही मध्यंतरी येऊन गेली. त्यांनी मागच्या सीटवरूनच म्हटलं. जरा प्रवचनाच्या चालीत गेलं, पण तिने टाकी भरली.

आणि आता असं झालंय की डर्रीनातल्या कुठल्याही घरातली तबकडी घ्या, दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्यावर, एकाच जागी, एक चरा आहे. फेस्टीच्या पोरी सांगतात, बोस्टनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात रविवारी तबकडी लागते आणि आठवं कडवं संपलं की कुणीतरी ओरडतं, "सुई उचला, सायबिल राहिली!"

गेल्या उन्हाळ्यात टिस्डॉल पुन्हा आला. जुनी गाडी, मानेवर थोडे केस पांढरे. बातमी चांगली होती म्हणून उतरायच्या आधीच बोलायला लागला. तबकडी नव्याने निघणार होती. मूळ टेप त्याने जपून ठेवली होती, आरोळीसकट. ऑफिसातली माणसंही बदलली होती. "मिस मल्केरिन, नववं कडवं परत घालतो! माझा शब्द राहील."

डिलिया पंपाला टेकून उभी होती. मी पावाचा ट्रे हातात धरून ऐकत होतो.

"नको," ती म्हणाली.

"नको? पण त्यासाठीच तर तुम्ही..."

"तेव्हा हवं होतं. आता नको. तू ते आत घातलंस की पोरं बसून ऐकतील. नाही घातलंस तर उठून म्हणतील. राहू दे चरा."

टिस्डॉल हसायला लागला. गाडीच्या रिकाम्या टाकीकडे बोट दाखवत म्हणाला, "बरं, निदान पेट्रोल तरी द्या. डब्लिन लांब आहे."

डिलियाने झाकण उघडलं, नळकांडं उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं.

"अहो, मी? मला गाता येत नाही!"

"मला ठाऊक आहे. पबात ऐकलंय. चल."

टिस्डॉलने इकडे तिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि डब्लिनच्या सभ्य आवाजात सायबिलला हळूच घोड्यापाशी नेलं. 'गवतावरती निजवला' पर्यंत पोचला असेल नसेल, तोच बांधापलीकडून, गाढवाच्या गोठ्यातून, आरोळी आली: "बस, सायबिल, बस! उठू नकोस त्याच्यावरनं!"

टिस्डॉल दचकून थांबला.

"थांबू नकोस," डिलिया म्हणाली, आणि पेट्रोल सोडलं. "ओरडू दे त्याला. त्याचंच घर आहे."